पाटा वाढवू नकोस गं

हे बघ, वळणावर बोलेरो झुलते आणि तुझ्या पोटात गोळा येतो, यात लाजण्यासारखं काही नाही. तू गाडी शिकलीस ती मोटार ट्रेनिंग स्कूलच्या अल्टोवर. ती बुटकी, हलकी, पुढच्या चाकांनी ओढली जाणारी. आता मामंजींनी किल्ली हातात ठेवली ती उंच, दीड टनाहून जड आणि मागच्या चाकांनी ढकलल्या जाणाऱ्या गाडीची. त्यात आठवड्यातून दोनदा तळेगावजवळचा सत्याग्रही घाट. घरात ज्याचा त्याचा सल्ला वेगळा. भाऊजी म्हणतात रुंद टायर टाका, शेजारचे काका म्हणतात शॉकअप कडक घ्या, आणि पाटेवाला तर तयारच बसलाय : "मॅडम, काहून घाबरता? मागं एक पाटा टाकून देतो, गाडी एकदम टाइट होऊन जाते." एवढं ऐकल्यावर कोणाचंही डोकं फिरेल. पण मार्च एंडचं ऑफिस आणि लेकीची परीक्षा एकाच आठवड्यात निभावणाऱ्या बाईला चार चाकांचा हिशेब कळणार नाही, हे मी मानायला तयार नाही.

खरं सांगू का, या सगळ्यांत घातक सल्ला पाटेवाल्याचा आहे. आणि सगळ्यात पटणाराही तोच, म्हणून आधी त्याचंच बोलते.

बोलेरोच्या मागे एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत एकच आडवा धुरा असतो, मेकॅनिक त्याला हौसिंग म्हणतात. तो दोन्ही बाजूंच्या पाट्यांवर, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगवर, बसवलेला असतो. पाटे वजनही झेलतात आणि धुऱ्याला जागच्या जागी धरूनही ठेवतात. वळण घेताना गाडीचं वजन बाहेरच्या चाकांवर सरकतं आणि आतली चाकं हलकी होतात. एकूण किती सरकणार हे तुझा वेग, वळणाचा आकार, गाडीची रुंदी आणि वजन किती उंचीवर आहे यावर ठरतं. पाटा टाकून ते कमी होत नाही गं. स्प्रिंग फक्त वाटणी ठरवते : त्या सरकलेल्या वजनातलं जास्त पुढच्या जोडीनं उचलायचं की मागच्या जोडीनं. जी जोडी कडक, तिच्या वाट्याला जास्त.

आता टायरची एक खोड लक्षात घे. वजन दुप्पट झालं म्हणून त्याची पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. म्हणजे बाहेरच्या टायरला जेवढी पकड मिळते, त्याहून जास्त आतल्याची जाते, आणि ज्या जोडीत ही ओढाताण जास्त, ती जोडी आधी घसरते. तू मागे पाटा वाढवलास की ती कमजोर जोडी मागची ठरते. त्यातून तू रोज एकटी किंवा दोघी जाणार. इंजिन पुढे, मागे रिकामं, म्हणजे मागची चाकं मुळात हलकी. आणि गाडी ढकलण्याचं कामही त्यांच्याच गळ्यात. ओल्या वळणावर अशा गाडीला जरा जास्त अ‍ॅक्सिलरेटर दिला की मागची बाजू बाहेर जायला लागते.

मग पाटा टाकून आलेले लोक "मस्त झाली गाडी" का म्हणतात? कारण झुलणं खरंच कमी होतं. पण झुलणं वेगळं, घसरणं वेगळं, आणि इथेच सगळे फसतात. झुलणारी गाडी तुला आधीपासून सांगत असते की बाई, आता पुरे. कडक केलेली गाडी शेवटपर्यंत गप्प राहते आणि मग एकदम सुटते. शिवाय वाढीव पाट्यानं मागची कमान उंच होते. पाट्याचं पुढचं टोक धुऱ्याच्या मानानं वर जातं आणि गाडी कलली की धुरा किंचित तिरका होऊन मागची चाकं आपल्या मनानं थोडीशी वळवतो. ते वळवणं नेमकं नको त्या बाजूला असतं.

म्हणूनच कंपन्या झुलणं आवरायचं झालं तर आडवा अँटी-रोल बार आधी पुढे लावतात. पुढची जोडी आधी घसरली तर गाडी वळणाबाहेर सरळ जाऊ बघते, तू घाबरून पाय उचलतेस, वेग उतरतो आणि गाडी पुन्हा वळते. भीतीनं आपण जे करतो तेच तिथे कामी येतं. मागची घसरली तर भीतीनं केलेली प्रत्येक गोष्ट उलटी पडते.

याचं एक जुनं उदाहरण सांगते. अमेरिकेत १९६० च्या मॉडेलपासून शेवरोलेची कॉर्व्हेअर विकली गेली. तिचं इंजिनही मागे आणि ढकलणारी चाकंही मागचीच. कंपनीनं पुढचा अँटी-रोल बार वगळला आणि शेपटी आवरायची जबाबदारी टाकली टायरच्या हवेवर : पुढे अवघी १५ पीएसआय, मागे २६. पेट्रोलपंपावर कोण हे लक्षात ठेवणार, सांग बरं! पोरं चारही चाकांत सारखीच हवा मारून मोकळी. राल्फ नेडर यांनी १९६५ मध्ये 'अनसेफ अ‍ॅट एनी स्पीड' लिहिलं, त्याचं पहिलंच प्रकरण या गाडीवर आहे. तोवर १९६४ च्या मॉडेलला कंपनीनं पुढे बार बसवलेला होता. पुढे १९७२ मध्ये सरकारी तपासणीनं ही गाडी त्या काळच्या इतर गाड्यांहून वाईट नव्हती असं म्हटलं, ते म्हणोत. मला त्यातून एवढंच घ्यायचंय की मागून ढकलणाऱ्या गाडीत पुढचा एक बार आणि टायरमधली हवा यांना केवढं महत्त्व असतं.

तर पाटेवाल्याकडे जा, जरूर जा, पण वेगळं काम घेऊन. त्याला म्हणावं, पाट्याच्या दोन्ही टोकांचे रबरी बुश दाखवा. तो टोकाच्या गोल भोकात, म्हणजे डोळ्यात, टामी घालून हलवेल, तेव्हा मागे उभी राहून मोबाईल बघत बसू नकोस, खाली वाकून स्वतः बघ. रबराला भेगा पडल्यात का? मधली पिन डोळ्याच्या बरोबर मध्यावर आहे की एका बाजूला टेकलीये? टामी हलवली की लोखंडावर लोखंड वाजतं का? वाजत असेल तर वळणावर तुझा धुराच इकडेतिकडे सरकतोय, आणि तुला वाटतं स्टिअरिंग बिघडलं. शॅकल, सेंटर बोल्ट आणि यू-बोल्टही बघून घे. एखादा पाटा तुटला असेल किंवा बसला असेल तर तो बदलायचाच, पण दोन्ही बाजूंना सारखा आणि होता तेवढ्याच जाडीचा. काम झाल्यावर थोडी गाडी चालवून यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्यायचे. हे तो सांगणार नाही, तूच आठवणीनं जा. बुशचा खर्च ऐकून हसू येईल इतका कमी असतो, आणि मला विचारशील तर अर्ध्याअधिक बोलेरोंचं झुलणं तिथेच संपतं.

कापसाच्या दिवसांत मामंजी गाडीतून गाठोडी नेतात, म्हणून पाटा हवा असं घरातून येईल. गोड बोलून सांग की वजन आरसी बुकात लिहिलंय त्याच्या आतच ठेवायचं, आणि कापूस न्यायचा तर मालवाहू पिकअप गाडी बोलवा. वर्षातल्या चार फेऱ्यांसाठी बाकीचे सगळे दिवस तू ताठर गाडीतून घाटात का जायचं?

आता टायर. बघ, टायरची पकड म्हणजे महिन्याचा ठरलेला पगार. त्यातूनच ब्रेकचं भागवायचं, त्यातूनच वळणाचं, त्यातूनच पिकअपचं. वळणात सगळा पगार खर्चून बसलीस आणि वर ब्रेक दाबलास, तर उधारी कोणी देत नाही. अल्टोत हा खर्च निदान पुढच्या चाकांवर तरी यायचा. बोलेरोत पिकअपचा सगळा भार मागच्या जोडीवर, म्हणून मागचे टायर चांगले हवेत. दोनच नवे घ्यायचे झाले तर ते मागे टाकायचे आणि जुन्यातले बरे पुढे आणायचे. दुकानदार उलटं सांगेल, नवे पुढे टाका, स्टिअरिंग हलकं होतं म्हणेल. ऐकू नकोस.

टायरच्या कडेला एका लंबगोलात चार आकडे असतात, ते वाच. २३१९ असेल तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. गाडी घराच्या मांडवाखाली उभी असली, नक्षी नवी दिसत असली, तरी आपल्याकडच्या उन्हात रबर कडक होतं आणि कडक रबर ओल्या रस्त्यावर पकडत नाही. नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर कायद्यानंही बाद. पण घाटातून जाणारीनं तिथवर थांबूच नये.

हवा किती, ते दाराजवळच्या पट्टीवर किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. पंपावरचा पोरगा "किती मारू" विचारतो तेव्हा "तुम्हीच बघा" म्हणायचं नाही, आकडा सांगायचा. पुढचा वेगळा, मागचा वेगळा असेल तर तसा. आणि हवा सकाळी, टायर थंड असताना बघायची. तापमान दहा अंशांनी वाढलं की दाब साधारण एक-दीड पीएसआयनं चढतो, आणि मेमधल्या वर्ध्याच्या दुपारी रस्त्यावरून आलेला टायर किती तापलेला असतो ते हात लावून बघ. मी एकदा भर दुपारी गेज लावलं, आकडा जास्त दिसला, आणि मोठ्या शहाणपणानं चारही टायरमधली हवा सोडली. सकाळी सगळे बसलेले! आमच्या घरी ही गोष्ट अजून लग्नाकार्यात रंगवून सांगतात.

भाऊजींच्या रुंद टायरबद्दल फार बोलत नाही. चाकाच्या कमानीला घासतात, स्टिअरिंग जड होतं, बेअरिंगवर ताण येतो. गाडी उंच करायचे स्पेसर तर त्याहून वाईट, कारण वजन वर गेलं की वळणात सरकणारं वजन वाढतं, म्हणजे जे कमी करायला निघालो तेच पदरात. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. कंपनीनं नोंदवलेल्या मूळ रचनेत मनासारखे बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच बजावलं. उद्या काही झालं आणि विम्याचा माणूस गाडीखाली वाकला, तर त्याला बोट ठेवायला जागा देऊ नये.

काकांचा शॉकअपचा सल्ला मात्र अर्धा बरोबर आहे. शॉकअप वजन उचलत नाही, तो स्प्रिंगची उड्या मारायची सवय मोडतो. आपल्याकडे त्याची गरज जास्तच, कारण रस्त्याखाली काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचं डांबर दरवर्षी नव्यानं वरखाली होतं. सेलूहून हिंगणीवरून बोर धरणाकडे जाताना किंवा आर्वीकडच्या आतल्या रस्त्यांवर वळण आणि उंचवटा एकाच जागी आले, तर मेलेल्या शॉकअपची गाडी तिथे उडते. आणि जमीन सोडलेल्या चाकाला कसली पकड? शॉकअपच्या अंगावर तेल ओघळलेलं दिसलं, टायरला ठिकठिकाणी खळगे पडलेले दिसले किंवा उंचवट्यानंतर गाडी एकदा बसून थांबायच्या ऐवजी डोलतच राहिली, तर बदलायचा. नेहमी जोडीनं बदलायचा, एकटा कधीच नाही. आणि कडक नको, कंपनीनं दिलेलाच घे. खड्ड्यावर ताठर शॉकअप चाकाला खाली येऊच देत नाही, मग कंबर तुझी जाते आणि पकड टायरची.

सामानाचंही बघ बाई. बोलेरोच्या मागच्या समोरासमोरच्या सीटांमधली जागा बायकांना दिसली रे दिसली की तिथे पाण्याचे कॅन, गव्हाचं पोतं, मुलांच्या सायकली. ते सगळं धुऱ्याच्या वर नाहीतर मागे येतं, आणि शेपटी एकदा निघाली की तेच वजन तिला आणखी ओढतं. जड सामान मधल्या सीटच्या पायांपाशी, खाली जमिनीवर ठेव. कॅरिअरवर चादरी, गाद्या, हलकंच काय ते. पापडांचा डबा चालेल, तांदळाचा कट्टा नाही.

एवढं केल्यावर राहतेस तू. लहानपणी आपण ज्यात बसलो त्या अ‍ॅम्बेसिडर, पद्मिनी, ओम्नी सगळ्या मागूनच ढकलल्या जायच्या, आणि चालवणाऱ्यांना त्यांची रीत आपोआप कळायची. १९८३ च्या अखेरीस मारुती ८०० आली तेव्हापासून घरगुती गाड्या पुढून ओढल्या जायला लागल्या, आणि आता ट्रेनिंग स्कूलमध्ये ही रीत कोणी शिकवतच नाही. ती अशी : वेग वळणाआधी, सरळ रस्त्यावर कमी करायचा. गिअरही आधीच टाकायचा. वळणात अ‍ॅक्सिलरेटर हलका आणि एकसारखा. निम्म्या वळणात घाबरून पाय एकदम उचलायचा नाही, कारण तसं केलं की वजन पुढे पडतं आणि आधीच हलकी असलेली मागची चाकं आणखी हलकी होतात. ४० ऐवजी ६० नं त्याच वळणात शिरलीस तर टायरकडून दीडपट नाही, सव्वादोन पट पकड मागतेस. म्हणून वळणाआधी दहाचा वेग उतरवलास तरी केवढा फरक पडतो बघ.

घाट उतरताना गाडी गिअरवर धरायची, हे तुला बाबांनी शिकवलंय आणि ते बरोबर आहे. फक्त बोलेरोत इंजिनाची ती ओढ मागच्या दोनच चाकांवर येते. ओल्या रस्त्यावर, वळणाच्या आत, एकदम खालचा गिअर टाकून क्लच झटक्यात सोडलास तर मागची चाकं क्षणभर अडखळतात आणि घसरतात. उतार सुरू व्हायच्या आधीच गिअर उतरव, क्लच सावकाश सोड. तरीही कधी मागची बाजू निघालीच, तर ब्रेकवर उभी राहू नकोस. पाय हळू सैल कर, जिकडे जायचंय तिकडे बघ आणि स्टिअरिंगही तिकडेच. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, तुमची त्याआधीची असेल तर हे जास्तच सांभाळ.

आणि दोन जागा डोक्यात ठेव. एक म्हणजे समृद्धी महामार्गावरून येळाकेळीला उतरताना. तासभर १०० च्या पुढे चालवल्यावर ७० सुद्धा संथ वाटतं, आणि त्याच भरात माणूस बाहेर पडायच्या गोल वळणात शिरतो. तिथे मनाचं ऐकायचं नाही, काट्याकडे बघायचं. दुसरी म्हणजे पावसाळ्यात शेतातून ट्रॅक्टर रस्त्यावर चढतात ती तोंडं. त्यांच्या चाकांना लागून आलेली काळी माती डांबरावर पसरते आणि वर भुरभुर पाऊस पडला की तिथे चांगले टायरसुद्धा हात टेकतात. वळणावर असा काळा पट्टा दिसला की आधीच सावकाश हो, मागचा कितीही हॉर्न मारो.

शेवटचं काम अलाइनमेंटचं, आणि ते बुश, बॉल जॉइंट, टाय रॉड सगळं ठीक झाल्यावरच करायचं. आधी केलंस तर पैसे पाण्यात, कारण सैल सांध्यांवर धरलेलं माप घरी येईपर्यंत बदलतं. बहुतेक ठिकाणी पुढच्या चाकांचा टो, म्हणजे चाकांची तोंडं किती आत-बाहेर आहेत ते, धरतात आणि गाडी सोडून देतात. तू मागच्या चाकांचंही माप घ्यायला लाव. मागे जुळवण्याजोगं काही नसतं हे खरं, पण धुरा तिरका बसलाय का ते त्या आकड्यांत कळतं, आणि तिरका असेल तर सेंटर बोल्ट तुटला असण्याची दाट शक्यता. आधीचे आणि नंतरचे आकडे छापलेली चिठ्ठी मागून घे, "मशीनचा प्रिंटर बंद आहे" म्हणाले तर दुसऱ्या दुकानात जा, आणि त्या चिठ्ठीचा फोटो मला पाठव.